कुक्कुट आरोग्य प्रमाणपत्र : राज्याराज्यांतील नियम आणि तपासणीचा अर्थ

उबवणी केंद्रातून निघालेल्या एकदिवसीय पिल्लांचे वाहन शेजारच्या राज्याच्या तपासणी नाक्यावर अडविले जाते. पिल्ले निरोगी असतात, चालकाजवळ पशुवैद्यकाचे प्रमाणपत्रही असते; परंतु गंतव्य राज्याच्या चालू आदेशाने मागितलेली नोंद त्यात नसते. पोटातील बलकाच्या आधारावर पिल्ले दोन दिवस तग धरतात खरी, तथापि उन्हात उभ्या वाहनातील उष्णता त्यांना तेवढा अवधी देत नाही. होणारी मरतूक पुरवठादाराच्या वा शेतकऱ्याच्या माथी पडते.

या विसंगतीचे मूळ राज्यघटनेत आहे. पशुधनाचे रक्षण, पशुरोगांचा प्रतिबंध आणि पशुवैद्यकीय व्यवसाय हे विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत मोडतात. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा रोगप्रसार रोखणे हा विषय मात्र समवर्ती सूचीत आहे. संसर्गजन्य पशुरोगांच्या प्रतिबंध व नियंत्रणासाठी २००९ मध्ये केंद्रीय कायदा झाला. बर्ड फ्लू, राणीखेत, पुलोरम, मरेक्स इत्यादी कुक्कुट रोग त्याच्या अनुसूचीत आहेत. तरीही नियंत्रित क्षेत्र घोषित करणे, तपासणी नाके उभारणे आणि पक्ष्यांच्या ये-जा करण्यावर निर्बंध घालणे हे राज्य शासनाच्याच अधिसूचनेने होते. प्राणी वाहतूक नियमांत कुक्कुट पक्ष्यांविषयीच्या तरतुदी २००१ मध्ये समाविष्ट झाल्या. पक्षी संसर्गजन्य रोगांपासून मुक्त व प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्यकाने प्रमाणित करावे, एवढी किमान अट त्यांत आहे. त्यापुढील अटी प्रत्येक राज्य आपापल्या रोगस्थितीनुसार, आणि कधी कधी जनमानसातील भीतीनुसारही, ठरविते.

फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. नवापूर गुजरातच्या सीमेला लागून असल्याने पक्षी नष्ट करण्याची मोहीम दोन राज्यांच्या प्रशासनांना राबवावी लागली. सध्याच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात बाधित क्षेत्राची त्रिज्या १ किलोमीटर व सर्वेक्षण क्षेत्राची १० किलोमीटर आहे. ही वर्तुळे राज्याची सीमा पाहून आखली जात नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये अनेक राज्यांत रोग दिसताच दिल्लीने जिवंत पक्ष्यांच्या आयातीवर बंदी घालून गाझीपूरचा कोंबडी बाजार बंद केला. त्यानंतर, बाधित नसलेल्या भागांतून येणाऱ्या मालाची विक्री रोखू नये आणि बाजार बंद करू नयेत, असे केंद्राने राज्यांना कळविले. सरसकट बंदीपेक्षा क्षेत्रनिहाय निर्बंध शास्त्राशी अधिक सुसंगत होत, यात शंका नाही.

प्रमाणपत्रामागे कोणती तपासणी आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ‘पक्षी निरोगी आढळले’ हा शेरा बाह्य लक्षणांच्या पाहणीवर आधारलेला असतो. रोगाच्या सुप्तावस्थेत तो काहीच सांगत नाही. पुलोरम, म्हणजे पांढरी हगवण, अंड्यातून पिल्लात उतरते. म्हणून पिल्ले घेताना पिल्लांइतकीच त्यांच्या मातृकळपाची तपासणी महत्त्वाची ठरते. काचपट्टीवर रक्ताचा थेंब व रंगीत प्रतिजन मिसळल्यास बाधित पक्ष्यात सुमारे २ मिनिटांत गुठळ्या दिसतात. ही चाचणी फार्मवरच करता येते. नुकतीच लागण झालेला पक्षी तीत निसटू शकतो; त्यामुळे ती ठरावीक अंतराने पुन्हा करावी लागते. राणीखेतबाबत रक्तातील प्रतिपिंडे बहुधा लसीकरणाची साक्ष देतात, रोगमुक्तीची नव्हे. अतितीव्र बर्ड फ्लूची लस देण्यास भारतात परवानगी नाही. त्यामुळे त्याची प्रतिपिंडे कळपात आढळणे हीच संशयाची खूण होय. त्याच्या निदानासाठी घशाचे व विष्ठामार्गाचे स्वाब शीतसाखळीतून प्रयोगशाळेकडे जातात आणि अंतिम शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते.

यावरून विस्तार कार्यकर्त्याच्या कामाचा क्रम ठरतो. प्रथम गंतव्य राज्याच्या पशुसंवर्धन विभागाचा चालू आदेश मिळवावा. गतवर्षीचा कागद पुरेसा मानू नये. कोणत्या रोगाची चाचणी, किती दिवसांपूर्वीपर्यंतची, कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीची, हे लेखी विचारून घ्यावे. प्रमाणपत्रात मातृकळपाची ओळख, लसीकरणाच्या तारखा व वाहन क्रमांक नोंदवून घ्यावा. मार्गात तिसरे राज्य लागत असेल तर त्याचाही आदेश पाहावा. हा मुद्दा नेमका विसरला जातो.

मोठ्या उत्पादकांसाठी कंपार्टमेंट पद्धती हा मार्ग खुला झाला आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र, तमिळनाडू, उत्तर प्रदेश व छत्तीसगड येथील २६ कंपार्टमेंट बर्ड फ्लूमुक्त असल्याच्या भारताच्या स्वयंघोषणेला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. येथे रोगमुक्ती जिल्ह्याला नव्हे, तर एकाच जैवसुरक्षा व्यवस्थेखालील कळपांना लाभते. शे-दोनशे परसातील कोंबड्या पाळणाऱ्याला हा खर्च पेलणारा नाही.

अशा पालकाची खरी अडचण वेगळी असते. अचानक मरतूक झाल्यास वाहतूक बंद होईल, या भीतीने तो ती लपवितो आणि उरलेले पक्षी घाईने विकतो. बर्ड फ्लूमध्ये भरपाई मिळते ती शासनाच्या आदेशाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नव्हे. म्हणजे कळविण्यात गेलेला प्रत्येक दिवस त्याच्याच भरपाईतून वजा होतो. हा हिशेब त्याला रोग येण्यापूर्वी, पक्ष्यांची नोंदणी करतानाच समजावून सांगावा.