नॅस सर्व्हर : दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे!



शाळेचे निकालपत्रक, मुलांचे फोटो, घरातले जुने व्हिडिओ एकाच जागी राहावेत म्हणून बरेच जण नॅस घेतात. नॅस म्हणजे राउटरला जोडलेली, सगळ्यांना मिळून वापरता येणारी हार्ड डिस्कची पेटी. त्यात दोन डिस्क घालून ‘रेड-१’ ही सोय चालू केली, की दोन्हींवर तेच लिहिलं जातं. एक बंद पडली तरी माहिती वाचते. पण फाइल चुकून पुसली, तर ती दोन्हीकडून जाते. आरशासमोरून माणूसच निघून गेला, तर आरशात कोण दिसणार?

चोरही असतातच. एप्रिल २०२१ मध्ये ‘क्यूलॉकर’ने इंटरनेटवरून पोहोचता येणाऱ्या क्यूनॅप कंपनीच्या पेट्यांमधल्या फाइल्स पासवर्ड लावून कोंडल्या आणि ०.०१ बिटकॉइन खंडणी मागितली.

मग काय करायचं?

१) ३-२-१ नियम पाळा : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी.
२) बॅकअपची हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवा. जोडलेली राहिली तर तीही कोंडली जाऊ शकते.
३) अपडेट लगेच करा. ‘अ‍ॅडमिन’ हे तयार खातं बंद करून स्वतःचं वेगळं खातं वापरा. ओटीपीची पडताळणी लावा. राउटरमधून नॅस थेट इंटरनेटला उघडा करू नका.
४) महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल उघडून बघा.

पाढा पाठ झाला की नाही, हे म्हणून घेतल्याशिवाय कळतं का? बॅकअपचंही तसंच आहे!