माशांना हाताची ओळख



घरच्या टाकीतील गोल्डफिशने हातातला दाणा टिपावा अशी चि. सईची इच्छा आहे, आणि ती पुरी होण्याजोगी आहे. मात्र या कामात दाणा दुय्यम असून भय मुख्य आहे, ही गोष्ट तिने पहिल्यापासून मनात पक्की धरलेली बरी. मासा हातातून खातो तो केवळ भुकेमुळे नव्हे, कारण भुकेला मासा हातापासून दूर पडलेला दाणाही शोधून खातोच. हातापासून धोका नाही याची त्याला पुन्हा पुन्हा खात्री पटलेली असते, म्हणून तो हाताशी येतो. त्यामुळे माशांना चार दिवस उपाशी ठेवून हाताकडे वळवण्याचा जो उपाय काही हौशी मंडळी सुचवतात, तो सईने मनातही आणू नये. त्या उपायाने मासा कदाचित लवकर येईल, पण भीत भीत येईल, दाणा ओढून पळेल, आणि ज्या निर्धास्तपणासाठी हा सारा खटाटोप करायचा तोच त्यात हरवेल.

हाताचे भय माशाला का वाटते, हे आधी समजून घ्यावे. प्रकाशकिरण हवेतून पाण्यात शिरताना वाकतात, आणि या वक्रीभवनामुळे पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या एका वर्तुळात दाटलेले दिसते. त्या वर्तुळाबाहेर पाण्याचा पृष्ठभाग केवळ तळाचे प्रतिबिंब दाखवतो. वरून झटकन आलेला हात त्या वर्तुळात एकाएकी अवतरतो, आणि खंड्या किंवा बगळाही तसाच येतो. शिवाय माशाच्या दोन्ही अंगांवर, कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत, सूक्ष्म छिद्रांची एक ओळ असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात आणि पाण्यातली बारीकशी हालचालही तिच्याद्वारे जाणवते. मेंदूच्या मागच्या भागात माउथनर पेशी नावाच्या दोन मोठ्या चेतापेशी असतात, ज्या धक्का किंवा आवाज जाणवताच सेकंदाच्या काही शतांशांत माशाचे शरीर वाकवून त्याला उलट दिशेला फेकतात. काचेवर टिचकी मारून माशाला बोलावणारा माणूस म्हणजे नेमके हेच यंत्र पुन्हा पुन्हा चालू करत असतो. घरी आलेल्या लहान मुलांनाही ही टिचकी मारू न देणे हे सईचे काम आहे, आणि त्यात भिडेला जागा नसावी.

माशाला शिकवता येते का, त्याची स्मृती तीन सेकंदांचीच असते ना, असे अजूनही ऐकू येते. ते साफ चूक आहे. मधमाश्यांच्या नृत्यभाषेच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले आणि १९७३ साली नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरलेले कार्ल फॉन फ्रिश यांनी १९२३ साली एका अंध मार्जारमीनावरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. मासे बहिरे असतात असे तेव्हा अनेक जाणकार मानत. फॉन फ्रिश मात्र अन्न देताना दर वेळी शीळ वाजवत राहिले, आणि काही दिवसांतच तो मासा अन्न नसतानाही नुसत्या शिळेवर बाहेर येऊ लागला. एखादी खूण आणि तिच्यामागून येणारे अन्न यांची अशी सांगड बसणे याला मानसशास्त्रात अभिसंधान म्हणतात, आणि गोल्डफिश यात मुळीच कच्चा नसतो. त्याच्या वाताशयाला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, अंतर्कर्णाशी जोडणारी लहान हाडांची साखळी असते, त्यामुळे त्याला ऐकू चांगले येते. रंगही त्याला उत्तम दिसतात, इतके की माणसाला न दिसणारे अतिनील किरणही त्याच्या डोळ्यांना जाणवतात. म्हणून सईने एकच खूण ठरवावी, जसे टाकीवरचा दिवा लावणे किंवा दाण्यांच्या डबीचे लाल झाकण काचेसमोर धरणे, आणि ठरलेल्या वेळी त्या खुणेनंतरच अन्न द्यावे. खूण रोज बदलली तर शिकण्यासारखे काही उरतच नाही.

हात पाण्यात घालण्याआधी पाणी स्थिरावलेले हवे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात, आणि फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट बनवतात. ही जिवाणूंची घडी बसायला नव्या टाकीत साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासा विषारी पाण्याशी झुंजत असतो आणि त्याच्याकडून धीटपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. मिटून अंगाला चिकटलेले पर, भराभर उघडमीट करणारे कल्ले, एका कोपऱ्यात दडून राहणे ही लक्षणे दिसली, तर त्या दिवशी हात बाहेरच ठेवावा आणि पाण्याकडे लक्ष द्यावे.

यानंतरचा क्रम सोपा असला तरी घाईने बिघडतो. आरंभी अन्न टाकून झाल्यावर सईने काचेसमोर नुसते उभे राहावे, म्हणजे तिच्या आकृतीचा आणि अन्नाचा संबंध माशाच्या मनात जुळेल. मासे तिला पाहून पुढच्या काचेशी गोळा होऊ लागले की दाणे टाकणारी बोटे पृष्ठभागाजवळ थोडा वेळ राहू द्यावीत, मग बोटांची टोके पाण्यात बुडवावीत, आणि तेही चालून गेले की पाण्यात भिजवून मऊ केलेला, तळाशी जाणारा दाणा चिमटीत धरून ठेवावा. हात माशाकडे कधीही न्यायचा नाही. माशाने हाताकडे यायचे असते, आणि हा भेद दिसायला लहान असला तरी सारे यश त्यावर अवलंबून आहे. मासा जवळ येऊन वळला, पुन्हा आला, पुन्हा वळला, तरी बोट हलू देऊ नये.

पहिला दाणा घेतला जातो तो क्षण बारकाईने पाहण्यासारखा असतो. गोल्डफिशचे तोंड नळीसारखे पुढे सरकते आणि त्या ओढीने पाण्यासह दाणा आत जातो. बोटाच्या टोकाला ती ओढ आणि ओठांचा मऊ स्पर्श जाणवतो, चावा जाणवत नाही, कारण या माशाचे दात जबड्यात नसून घशात असतात. पुष्कळदा तो दाणा लगेच बाहेर थुंकतो आणि परत घेतो. यात नावड नसते. टाळूवरच्या चव ओळखणाऱ्या मांसल अवयवाने खाण्याजोगे आणि टाकाऊ वेगळे करण्याची ती त्याची रीतच आहे. टाकीतला एक धीट मासा असा खाऊ लागला की बाकीचे त्याच्या पाठोपाठ येतात, म्हणून भित्र्या माशावर वेगळी मेहनत घेण्याचे सहसा कारण पडत नाही.

याच्या उलटही घडते. १९३८ साली फॉन फ्रिश यांनीच दाखवून दिले की मिनो नावाच्या लहान माशाची त्वचा जखमी झाली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळते आणि त्याच्या वासाने सारा थवा भयभीत होतो. गोल्डफिश त्याच विस्तृत कुळातला आहे. जाळीने एका माशाला खरचटले, तर त्या दिवशी सगळ्यांनीच हाताकडे पाठ फिरवली याचे नवल वाटून घेऊ नये.

भय नसले की मासा माणसाजवळ किती येतो, हे रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळण कोंडीत पाहता येते. तेथल्या डोहातले महसीर मासे देवीचे मानले जातात आणि त्यांना कोणी पकडत नाही. भाविकांनी दिलेले अन्न खायला ते काठाशी येतात. त्यांना कोणी शिकवायला बसलेले नव्हते, फक्त त्यांना कोणी इजा केली नाही. सईने टाकीत जे करायचे आहे त्याचे मर्म या डोहात सापडते.

हाताच्या स्वच्छतेबद्दल मात्र सक्त ताकीद आहे. साबण, क्रीम, सॅनिटायझर आणि डास पळवणारे मलम यांचा अंशही पाण्यात जाता कामा नये, म्हणून टाकीत घालण्याआधी हात नुसत्या पाण्याने भरपूर धुवावेत आणि बाहेर काढल्यावर साबणाने. बोटाला जखम किंवा ओरखडा असेल तर हात पाण्यात घालूच नये. क्षयाच्या जंतूचा नातेवाईक असलेला मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू टाकीच्या पाण्यात असू शकतो. त्याचा जखमेतून शिरकाव झाला तर काही आठवड्यांनी बोटावर गाठी उठतात आणि कित्येक महिने औषध घ्यावे लागते. पुढे कधी ऑस्करसारखा मोठा मासा पाळला तर हे दुप्पट पाळावे, कारण तो अन्नासाठी पाण्याबाहेर उसळी मारतो आणि त्याच्या दातांनी बोट खरचटते.

हातातून मासे खातात हे पाहून घरचे प्रत्येक माणूस एकेक दाणा देऊ लागते आणि तेथेच खरा घात होतो. गोल्डफिशला जठर नसते, अन्न सरळ आतड्यात जाते, त्यामुळे तो सदा भुकेला दिसतो आणि मिळेल तितके खातो. जास्तीचे अन्न अखेर अमोनिया होऊन पाण्यात उतरते. म्हणून दिवसाचे दाणे सकाळीच वाटीत मोजून ठेवावेत आणि हातातून दिलेले त्यातूनच वजा व्हावेत. सुट्टीत गावाला जाताना शेजाऱ्यांच्या हाती डबी सोपवू नये. धडधाकट मोठा गोल्डफिश काही दिवस अन्नाविना सहज राहतो आणि प्रवास लांबचा असला तर रोजच्या मापाच्या पुड्या बांधून द्याव्यात. परत आल्यावर मासे बिचकले, तर चिमटीत दाणा धरण्याची घाई न करता पुन्हा काचेसमोर उभे राहण्यापासून सुरुवात करावी.