शेतातला प्लॅस्टिकचा कचरा



आमच्या गोठ्यात एक गाय होती. तिचे नाव कपिला. गाय गाभण होती. एका उन्हाळ्यात तिने चारा सोडला. पोट फुगले. रवंथ बंद झाला. औषधपाणी केले, पण गाय वाचली नाही. डॉक्टरांनी तिचे पोट फाडून दाखविले. आत प्लॅस्टिकचा मोठा गोळा होता. त्यात खताच्या गोणीचे धागे होते. टोमॅटोच्या वाफ्यावरचा काळा कागदही होता. तो कागद आमच्याच शेतातला. आम्हीच तो बांधावर टाकला होता. जन्मभर मुलांना शहाणपण शिकविले आणि घरची गाय अशी घालविली!

सांगायला लाज वाटते. पण तुमची गाय वाचावी, म्हणून सांगतो.

प्लॅस्टिक वापरूच नका, असे आमचे म्हणणे नाही. ठिबकच्या नळीने पाणी वाचते. मल्चिंगच्या कागदाने ओल टिकते, तण कमी होते. हा फायदा खरा आहे. पण काम संपल्यावर त्या कागदाचे काय करायचे, हे कोणी विचारीत नाही. जगात पिके आणि जनावरे यांसाठी वर्षाला सुमारे १ कोटी २५ लाख टन प्लॅस्टिक लागते, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०२१ साली सांगितले. एवढे सगळे जाणार कुठे?

कोणी म्हणतात, “पेटवून द्या.” तसे करू नका. त्या धुरात विषारी वायू असतात. ते आपल्या आणि पोराबाळांच्या छातीत जातात.

कोणी म्हणतात, “नांगराखाली घाला.” तेही करू नका. प्लॅस्टिक शेणासारखे कुजत नाही. त्याचे फक्त तुकडे होतात. ते मातीत वर्षानुवर्षे राहतात. मुळांना आणि पाण्याला आडवे येतात.

मग करावे काय? गोळा करावे, वेगळे करावे, विकावे.

१. पीक निघाले की लगेच कागद काढा. उन्हात फार दिवस राहिला, तर तो कुजका होतो आणि हातात तुटतो. जमीन वाफशावर असताना हळू ओढा. माती झटका. गुंडाळी करा. कागद काढल्याशिवाय नांगर किंवा रोटाव्हेटर घालू नका. फार पातळ कागद अखंड निघत नाही. म्हणून घेतानाच जाडी विचारा. २५ ते ३० मायक्रॉनचा कागद बरा.

२. काळ्या ठिबकच्या नळ्या एकीकडे ठेवा. पांढरे, करडे पीव्हीसी पाइप दुसरीकडे ठेवा. दोन्हींची जात वेगळी. एकत्र वितळविले तर माल बिघडतो.

३. गोण्या झटकून, घडी करून ठेवा. सुतळीचे तुकडे वेचा. जनावर तेच आधी खाते.

४. कीटकनाशकाच्या बाटल्या या कचऱ्यात मिसळू नका. औषध ओतल्यावर बाटलीत पाव भाग पाणी घाला, झाकण लावून हलवा आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता. असे तीन वेळा करा. मग बाटलीला भोके पाडा. त्यात कधीही पाणी, तेल, रॉकेल भरू नका. बाटल्या कुलपात ठेवा आणि पुढे काय करायचे ते कृषी खात्याच्या माणसाला विचारा.

गोळा केलेल्या मालाचे काय होते? कारखान्यात तो निवडतात, धुतात, बारीक कापतात आणि वितळवितात. त्याचे दाणे होतात. दाण्यांपासून पुन्हा नळ्या आणि इतर वस्तू होतात. माल जितका स्वच्छ, तितका भाव बरा. माती लागलेला माल भंगारवाला घेत नाही, घेतला तर भाव पाडतो.

एका शेतातल्या एका पोत्यासाठी भंगारवाला गावात येत नाही. दहा-वीस घरांनी माल एका छपराखाली जमविला, तर गाडी दारात येते. गावाने पीक निघाल्यानंतरचा एक दिवस यासाठी ठरवावा. आमची कपिला परत येणार नाही. पण तुमच्या गोठ्यातली गाय वाचेल.

विचार करा आणि सांगा :
१. कपिला कशामुळे मेली?
२. प्लॅस्टिक का जाळू नये?
३. औषधाची बाटली किती वेळा धुवावी? ते पाणी कुठे ओतावे?
४. तुमच्या बांधावर आज काय काय पडले आहे? यादी लिहा.