बॅरलमध्ये अडकलेला छर्रा

एअर रायफलच्या बॅरलमध्ये छर्रा अडकणे ही तशी किरकोळ बिघाडाची बाब आहे. रायफल कायमची बिघडते ती बहुधा त्या छर्ऱ्यामुळे नव्हे, तर तो काढण्यासाठी हाताला लागेल ती वस्तू बॅरलमध्ये खुपसल्यामुळे, असे प्रस्तुत लेखकाच्या वारंवार पाहण्यात आले आहे. म्हणून छर्रा का अडकतो आणि कसा काढावा, याबरोबरच काय करू नये याचा विचार अधिक विस्ताराने करणे येथे योग्य ठरेल.

दहा मीटर नेमबाजीत वापरला जाणारा छर्रा 4.5 मिलिमीटर व्यासाचा, साधारण अर्ध्या ग्रॅमचा आणि शिशाचा असतो. त्याचे डोके सपाट व भरीव, कंबर बारीक आणि मागचा भाग घागऱ्यासारखा पसरट व पोकळ असतो. बॅरलच्या आत गोलाकार फिरत गेलेल्या खाचा, म्हणजे रायफलिंग, असतात; मागून हवेचा दाब आला की हा पातळ घेर फुगून त्या खाचांना घट्ट बसतो, त्यामुळे हवा निसटत नाही आणि छर्ऱ्याला फिरकी मिळते. ज्या घट्ट बसण्यामुळे नेम साधतो, तेच दाब अपुरा पडल्यास छर्रा अडकण्याचे कारण ठरते, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील सूचनांचा अर्थ उलगडतो.

दाब अपुरा पडण्याची कारणे अनेक आहेत: सिलिंडरमधील हवा संपत आलेली असते, स्प्रिंगच्या रायफलमध्ये दट्ट्याचे सील झिजलेले असते, किंवा छर्ऱ्याचा घेर चेपलेला असतो. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या डबीतील शिशावर पांढरी भुकटी धरते, आणि असे छर्रे भरणे म्हणजे बॅरल मळवणे होय. परंतु सर्वाधिक आढळणारे कारण यांत्रिक नाही. पात्रता फेरीत 75 मिनिटांत गुणांसाठीचे 60 नेम मारताना छर्रा भरण्याची क्रिया इतकी अंगवळणी पडते की, मध्येच नेम सोडून रायफल खाली घेतली किंवा प्रशिक्षकाशी दोन शब्द बोलणे झाले, तर छर्रा आधीच भरलेला आहे याचा विसर पडून दुसरा भरला जातो. साफसफाईसाठी वापरली जाणारी नमद्याची बोळी बॅरलमध्ये राहून जाणे हाही याच विसराळूपणाचा प्रकार होय.

ट्रिगर दाबल्यावर आवाज दबका आला आणि लक्ष्यावर छिद्र किंवा इलेक्ट्रॉनिक पडद्यावर खूण उमटली नाही, तर छर्रा आतच आहे असे समजून हात थांबवावा. ‘आणखी एक मारून पहिला बाहेर ढकलू’ हा सल्ला अनेक ठिकाणी मोठ्या आत्मविश्वासाने दिला जातो, पण तो चुकीचा आहे. दुसरा छर्रा पहिल्यात रुतून बसतो आणि एकाचे काम दोनावर जाते. शिवाय अडकलेला छर्रा कोणत्याही क्षणी सुटू शकतो, त्यामुळे अशी रायफल भरलेलीच मानून तिचे तोंड लक्ष्याच्या दिशेलाच ठेवावे. रेंजवर असल्यास जागेवरून न हलता हात वर करून अधिकाऱ्याला बोलवावे.

सळई घालण्याआधी रायफलमधील ताकद काढून घेणे अनिवार्य आहे. दाबाच्या हवेवर चालणाऱ्या रायफलीचा सिलिंडर, जो पूर्ण भरल्यावर 200 बारपर्यंत दाब धरतो, तो सोडवून बाजूला ठेवावा. त्यानंतरही झडपेजवळ थोडी हवा उरू शकते, म्हणून ब्रीच, म्हणजे छर्रा भरण्याची मागची बाजू, उघडीच ठेवावी. हे न करता पुढून घातलेली सळई स्वतःच प्रक्षेपक बनू शकते. बॅरल मोडून भरण्याच्या स्प्रिंग रायफलीत धोका वेगळा आहे: ताणलेल्या स्थितीत ट्रिगर सुटला तर बॅरल झटक्याने मिटते आणि मध्ये आलेले बोट चिरडते. रायफल ताणलेली नाही याची खात्री झाल्यावर, स्प्रिंगचा जोर लागू होण्याआधी बॅरल जेवढे सहज झुकते तेवढेच झुकवून ब्रीच मोकळी करावी.

सळई सरळ, सपाट टोकाची, सुमारे 4 मिलिमीटर जाडीची आणि पितळी किंवा प्लास्टिकचे आवरण असलेली असावी. ती मझलकडून, म्हणजे बॅरलच्या पुढच्या तोंडातून, घालणे इष्ट, कारण तिकडून छर्ऱ्याचे भरीव डोके समोर येते. मागून घातलेली बारीक सळई पोकळ घेरात शिरून तो पाचरीसारखा अधिकच फाकवते. मात्र मझलच्या कडेला सळई घासू देऊ नये. छर्रा बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्याच कडेला होतो, आणि जेथे दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, तेथे त्या कडेवरचा एक ओरखडाही नेम बिघडवण्यास पुरेसा होतो. जोर एकसारखा द्यावा. फारच झाले तर सळईवर लाकडी ठोकळ्याने हलके टोले मारावेत. छत्रीची काडी, खिळा, सायकलचा आरा यांचा मोह टाळावा, आणि ड्रिलचा तर विचारही करू नये.

सिलिकॉन तेलाचा एखादा थेंब छर्रा सैल होण्यास मदत करतो. खनिज तेल मात्र वापरू नये, कारण ते हवेच्या कक्षात पोहोचले तर दाबाने तापलेल्या हवेत पेट घेऊ शकते. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते हे वाचून बॅरल तापवणारेही आढळतात. त्यात शिसे खाचांत पसरते, शिशाची वाफ होण्याचा धोका राहतो आणि सील जळतात.

छर्रा निघाल्यावर बॅरल कोरड्या नमद्याने पुसून, ब्रीच उघडी ठेवूनच त्यातून उजेड आरपार दिसतो का हे मागच्या बाजूने पाहावे आणि हात साबणाने धुवावेत. एकसारख्या जोरानेही छर्रा तसूभर हलत नसेल, तर तेथेच थांबून रायफल जाणकार कारागिराकडे न्यावी आणि हाती देण्यापूर्वीच तिच्यात छर्रा अडकला आहे हे त्याला स्पष्ट सांगावे.