लीडनला जावंस

बदलापूर (पूर्व)

चि. बाळ,


नेदरलँड्समधल्या लीडन विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं ताईने फोनवर सांगितलं. तू नकार कळवायच्या बेतात आहेस, हेही तिनेच सांगितलं. अंबरनाथ एमआयडीसीतली कायम नोकरी, फ्लॅटचे हप्ते, बाबांची निवृत्ती तोंडावर. यातलं एकही कारण खोटं नाही. तरीही तू जावंस असं माझं स्पष्ट मत आहे.

गेल्या वर्षी तुमच्या कंपनीच्या निर्यात करारात, वाद झाल्यास लवाद लंडनला, असं एक कलम होतं. वरिष्ठांनी नेहमीचा मसुदा म्हणून पुढे सरकवलेला तो कागद तू अडवलास. एवढ्याशा मालासाठी लंडनचा खर्च झेपणार नाही, आणि तिथल्या निवाड्याची रक्कम १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे इथल्या कोर्टातून आपल्याकडूनच वसूल होऊ शकते, हे तू मला समजावून सांगितलंस. ते कलम आधी तुला खटकलं, त्याचं कारण नंतर सापडलं. पुष्कळ करार वाचलेल्या माणसालाच असं खटकतं. त्या खटकण्यावर तू विश्वास ठेवावास. न वाचलेल्या विषयात मन काही सांगू लागलं, तर मात्र त्याचं ऐकू नकोस.

आता जोखमीचं. पाकिस्तानने फाशीची शिक्षा सुनावलेल्या कुलभूषण जाधवांचा खटला तू अभ्यासला आहेस, पण जोखीम कशी घ्यावी या नजरेने तो पुन्हा वाच. १९९९ साली कच्छजवळ पाकिस्तानचं नौदलाचं विमान पाडलं गेलं, तेव्हा पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. हा वाद चालवण्याचा न्यायालयाला अधिकारच नाही, ही भारताची हरकत २००० साली मान्य झाली. त्याच न्यायालयात मे २०१७ मध्ये आपण होऊन दाद मागायची, हे साहसच होतं. पण भारताने सगळी भांडणं तिथे नेली नाहीत. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेतल्या नागरिकाला आपल्या वकिलातीशी संपर्क मिळायला हवा, एवढाच मुद्दा धरला. नागपुरात वाढलेले हरीश साळवे एक रुपया मानधनावर उभे राहिले. १७ जुलै २०१९ ला पंधरा विरुद्ध एक मतांनी पाकिस्तानने कराराचा भंग केल्याचं ठरलं आणि शिक्षेचा फेरविचार करण्याचा आदेश झाला. सुटकेची मागणी मात्र फेटाळली गेली. पाय कुठे टेकायचा हे आधी ठरवून घेतलेली जोखीम ती अशी.

बाबासाहेबांचंही तेच. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनमधलं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांचं कर्ज घेतलं, आणि १९२० साली नोकरी सोडून पुन्हा लंडन गाठलं. १९२२ ला ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. पाठीशी घरची पुंजी नव्हती, पण हिशेब पक्का होता.

घरात कुणीतरी तुला उल्हासनगरचे दाखले देईल, फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांनी सगळं शून्यातून उभं केलं वगैरे. मी तिथल्या कोर्टात इतकी वर्षं १९५४ च्या निर्वासित कायद्याखालच्या सनदा वाचतो आहे. ती माणसं जोखीम पत्करून आली नव्हती, त्यांच्यावर ती लादली गेली होती. तुला निवड करता येते, हे तुझं भाग्य आहे.

तेव्हा मर्यादा आधी आख. फ्लॅट तारण ठेवायचा नाही. शैक्षणिक कर्ज तुझ्या नावावर, आणि पदवीनंतर वर्षभरात तिकडे काम जमलं नाही तर परत यायचं. मुंबईत लवादाची कामं वाढत आहेत, शिकलेलं वाया जाणार नाही. हप्त्यांचा भार तेवढा काळ मी उचलतो, ताईला तसं सांगितलं आहे.

नकाराचं पत्र अजून पाठवू नकोस. रविवारी बँकेचे कागद घेऊन ये, व्याज मांडून बघू.

तुझा,
मामा