वाकलेले खोड

सोलापूरच्या माळरानावर बर्फ पडत नाही. उन्हाळ्यात तेथे पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा उघड्या माळावरून वाहत राहतो. हिमालयातील देवदाराचे रोप बर्फाच्या ओझ्याखाली वाकते. सोलापूरकडील कडुनिंबाचे रोप वाऱ्याने कलते. कारणे निराळी असली, तरी दोघांपुढील प्रश्न एकच असतो : पुन्हा उभे कसे राहावे?

खोडातील काही पेशींत पिष्टाचे जड कण असतात. खोड कलले, की हे कण गुरुत्वाकर्षणामुळे पेशीच्या खालच्या अंगास जमतात. या संकेताने खोडाच्या दोन बाजूंची वाढ असमान होऊ लागते. देवदार, चीड अशा सूचिपर्णी वृक्षांत खालच्या बाजूस विशेष प्रकारचे लाकूड तयार होऊन ते खोडास वर रेटते. कडुनिंब, आंबा यांसारख्या द्विदल वृक्षांत तसे लाकूड बहुधा वरच्या बाजूस तयार होते व दोरीप्रमाणे खोडास वर ओढते. शेंडा लवकर सरळ होतो. परंतु बुंध्याजवळचा बाक पुष्कळदा जन्मभर राहतो. म्हणूनच बर्फ सरकणाऱ्या डोंगरउतारांवर बुडाशी कोयत्यासारखी वळलेली झाडे आढळतात.

मग रोपास काठीशी घट्ट जखडून ठेवावे काय? इंग्लंडमधील थॉमस अँड्र्यू नाइट यांनी १८०३ साली याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी सफरचंदाचे एक कोवळे झाड केवळ उत्तर-दक्षिण डुलू शकेल असे बांधले. त्याचे खोड त्याच दिशेने अधिक जाड झाले. दोन दिशांच्या जाडीचे प्रमाण १३ : ११ असे भरले. वाऱ्याचे हेलकावे खोडास बळकट करतात, हे त्यावरून दिसून आले.

सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात एक रोप जगविण्यासाठी कित्येक घागरी पाणी खर्ची पडते. ते पहिल्याच वावटळीत मोडले, तर सारे श्रम व्यर्थ जातात. यास्तव रोपास आधार द्यावा, पण सुतळी सैल बांधावी. खोड थोडे डुलले पाहिजे व साल कापली जाता कामा नये. मुळांनी जमीन घट्ट धरली, की काठी काढून घ्यावी. त्यानंतर वाऱ्याशी झुंजण्याचे काम झाडाने स्वतःच करावयाचे असते.