घरातील बिनतारी जाळे आणि त्याची राखण

दिनांक २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहरात बाँबस्फोटांची मालिका घडली. स्फोटांपूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा ई-मेल पोहोचला होता. त्याचा माग काढीत तपास यंत्रणा नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरी आली. तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचा कटाशी काहीही संबंध नव्हता. त्याच्या वाय-फायचा वापर बाहेरच्यांनी केला होता. तरीही चौकशीचा ससेमिरा प्रथम त्याच्याच मागे लागला. इंटरनेट जोडणी ज्याच्या नावे, त्याच्याच दारी तपास आधी येणार, हे उघड आहे.

तारेच्या जोडणीत शिरकाव करावयाचा तर तारेपर्यंत पोहोचावे लागते. वाय-फायच्या लहरी मात्र भिंतीपाशी थांबत नाहीत. जिन्यात वा रस्त्यावर बसलेल्या व्यक्तीस त्या पकडता येतात. म्हणून संदेश सांकेतिक रूपात पाठविण्याची योजना करण्यात आली. १९९७ च्या मूळ मानकातील ‘डब्ल्यूईपी’ ही पद्धत फार काळ टिकली नाही. २००१ मध्ये फ्लुहरर, मँटिन व शमीर या संशोधकांनी तिच्यातील मूलभूत दोष दाखवून दिला. २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ आणि २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए-३’ या पद्धती आल्या. राउटरवर यांपैकी शेवटची उपलब्ध असल्यास तीच निवडावी. नसल्यास ‘डब्ल्यूपीए-२’ चालेल.

परंतु कुलूप कितीही भक्कम असले तरी किल्ली उंबऱ्यावर ठेवून कसे चालेल? आपल्याकडे स्वतःचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवण्याची सवय सार्वत्रिक आहे. ‘डब्ल्यूपीए-२’ मध्ये एखादे उपकरण जोडले जात असताना होणारी देवाणघेवाण बाहेरच्यास टिपून घेता येते व नंतर घरी बसून पासवर्डाचा अंदाज बांधता येतो. भारतीय मोबाइल क्रमांक ६ ते ९ या अंकांनी सुरू होतात. म्हणजे शक्यता केवळ ४०० कोटी. शक्तिशाली ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १० लाखांहून अधिक शक्यता तपासू शकते. हिशेब साधारण तासाभराचा होतो! याउलट, परस्परांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडून केलेला पासवर्ड लक्षातही राहतो आणि हाती लागणेही दुरापास्त होते. पासवर्ड ६३ अक्षरांपर्यंत ठेवता येतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

बटण दाबून वा आठ अंकी पिन देऊन उपकरण जोडण्याची ‘डब्ल्यूपीएस’ ही सोय बंद ठेवणे इष्ट. हा पिन दोन तुकड्यांत तपासला जातो व शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून ठरतो, त्यामुळे अधिकाधिक ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ मध्ये उघडकीस आले. जाळ्याचे नाव लपविण्याचा उपायही काहीजण सुचवितात. त्याने शेजाऱ्याचे कुतूहल थांबेल, जाणकाराचे नव्हे.

पाहुण्यांस पासवर्ड नाकारणे आपल्या घरांत शिष्टाचारास धरून होत नाही. त्यासाठी बहुतेक राउटरांत पाहुण्यांकरिता वेगळे जाळे सुरू करता येते. घरातूनच कार्यालयीन वा परीक्षाविषयक काम करणाऱ्या अधिकाऱ्यांनी व शिक्षकांनी ते अवश्य करावे. कारण ‘डब्ल्यूपीए-२’ मध्ये सामायिक पासवर्ड जाणणाऱ्यास इतरांची देवाणघेवाण उलगडणेही शक्य असते.

राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड हा वाय-फायच्या पासवर्डाहून निराळा असतो. तो बहुधा कारखान्यातून आला तसाच राहतो. जोडणी करून देणारा तंत्रज्ञ घरातून जाण्यापूर्वीच तो बदलून घ्यावा.